कापडात बांधलेलं कणीस

अण्णांनी जन्मात कधी कुठल्या पदार्थाला चांगलं म्हटलं नाही. आई वर्षानुवर्षं त्यांच्या ताटात भाकरी वाढत राहिली आणि हा माणूस एकदा तरी 'बरी झाली' म्हणेल याची वाट बघत राहिली. आमटीला मीठ कमी, नाहीतर जास्त. भाकरी जाड, नाहीतर करपलेली. सगळं बरोबर जमलं तर अण्णा न बोलता जेवून उठायचे, आणि ते न बोलणं हीच शाबासकी समजायची, असं आईनं आम्हा दोघा भावंडांना शिकवलं होतं. आई तेवढ्या शाबासकीवरच गेली.

माझंही तोंड तसलंच आहे. खाण तशी माती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणतो की अण्णांचा चेहरा त्याच्याकडे आला आणि तोंड माझ्याकडे. दादा स्वभावानं लोण्याचा गोळा. तो कुणाकडून आला, हे आमच्या घरातलं न सुटलेलं कोडं आहे.

अण्णांची सगळी उमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेली. गाव मंगळवेढ्याकडचं, पण तिथं कोरडवाहू तुकडा आणि चार मेंढरं, त्यावर सगळ्यांचं भागेना म्हणून ते मिसरूड फुटायच्या आत सोलापूरला आले. कानात मागांचा खडखडाट, भुवयांवर कापसाचा भुरका आणि गालात तंबाखू. मी शिकले, ज्वारीच्या वाणांवर काम करायला लागले, शहराबाहेरच्या एका संशोधन शेतावर रुजू झाले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ज्वारीत काय शोदायचं ऱ्हायलंय?"

राहिलं होतं. आणि ज्यावर मी अडकून बसले होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हुरड्याची ज्वारी गोड असते, दाणा लुसलुशीत असतो. पण रोप कोवळं असतानाच खोडमाशी तिचा घात करते. माशी पानाखाली अंडी घालते, अळी पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या सुरळीत, शिरते, मधला कोंब वाळतो आणि खेळ खलास. उलट आमच्याकडे एक आडदांड गावरान वाण होतं. त्याला माशी शिवत नाही, पण त्याचा हुरडा इतका फिक्का की मेंढरानं सुद्धा तोंड फिरवावं. दोघांचा संकर करायचा, एकाची धडधाकट तब्येत घ्यायची आणि दुसऱ्याची गोडी. सांगायला किती सोपं. पण माशीला दाद न देणारं जनुक आणि फिक्केपणाचं जनुक, दोन्ही एकाच गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली निघाली. एकाला आवतण दिलं की दुसरं न बोलावता मागं हजर. याला सहलग्नता म्हणतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, अशी म्हण आहे. इथं लागण्याचा प्रश्नच नव्हता, दोघं एकाच दाव्याला बांधलेले होते.

तरी सुटका असते. बी तयार होण्याआधी आईकडचं आणि बापाकडचं अशी दोन गुणसूत्रं शेजारी येतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. हे मला पुस्तकात कधी नीट दिसलं नाही, अण्णांच्या मागावर दिसलं. शेजारशेजारचे दोन धागे एकाच जागी तुटले आणि घाईत याचं टोक त्याला, त्याचं याला गाठून टाकलं, तर वरचा अर्धा धागा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा होतो. एका धाग्यावर दोन ठिपके लांब लांब असतील तर तूट त्यांच्यामध्ये कुठंतरी पडणार आणि ते वेगळे होणार. ठिपके जवळजवळ असतील तर नेमकं त्यांच्यामध्येच तुटणं दुर्मिळ. किती रोपांमागे एकदा अशी फारकत होते, त्याला पुनर्संयोगाची वारंवारता म्हणतात, आणि त्यावरूनच दोन जनुकांमधलं अंतर मोजतात. माझे दोन ठिपके अगदी गळ्यात गळा घालून होते. वर्षानुवर्षं मी रोपं वाढवली. जगली ती फिक्की, गोड होती ती माशीनं नेली. वरिष्ठांनी शेवटी सांगून टाकलं, या हंगामात काही हाती लागलं तर ठीक, नाहीतर हे काम बंद.

त्याच हंगामात अण्णांच्या जिभेवर गाठ निघाली. तंबाखूची कमाई. विजेचे शेक सुरू झाले आणि शेकांनी गाठीबरोबर जिभेची चवही जाळली. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. दादाच्या बायकोनं शिरा करून पाहिला, खीर करून पाहिली. अण्णा घास तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मातीगत लागतंय." आम्हाला ते पहिल्यांदा ऐकताना वेगळं वाटलंच नाही. अन्नाला नावं ठेवणं त्यांचं नेहमीचंच. यावेळी ते खरं बोलत होते हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला.

आणि इकडे माझ्या शेतात एक रोप निघालं.

माशी त्या वर्षी मुक्कामालाच आल्यासारखी होती. आजूबाजूच्या कितीतरी रोपांचे पोंगे वाळले, हे मात्र चकचकीत पानं घेऊन उभं. त्याच्या पानाचा तुकडा मी प्रयोगशाळेत पाठवला. गोडीचं जनुक तसं डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या अगदी शेजारची एक खूण तेवढी तपासता येते, तिला आम्ही मार्कर म्हणतो. खूण सापडली की जनुकही आलं असं धरतात, कारण दोघांमध्ये इतकं कमी अंतर असतं की त्यांची ताटातूट जवळपास होतच नाही. माझ्या रोपात खूण सापडली. धडधाकट तब्येत आणि गोडी, दोन्ही एका ताटात. मी त्या दिवशी शेताच्या बांधावर बसून एकटीच हसले. पक्की खात्री चाखूनच होणार होती, पण दाणा अजून कच्चा होता. आठवड्याभरानं चार दाणे काढून बघायचे, बाकी सगळे बियाण्याला, असं मी ठरवलं.

कणसावर आम्ही कागदी पिशवी चढवतो, शेजारच्या झाडाचा पराग येऊ नये म्हणून. पुढं तीच पाखरांपासून राखण करते. पण चिमण्यांना कागदाचं काय भय? एकदोन पिशव्या फाटलेल्या दिसल्या तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. घरी अण्णांच्या मागावरचे शेकंडचे टॉवेल पडलेले होते, म्हणजे विणताना काही चुकलं म्हणून विकायला न गेलेले. त्यातला एक पांढरा, हिरव्या काठाचा तुकडा मी नेला आणि त्या एकाच कणसावर पिशवीच्या वरून सैलसर बांधला. सगळ्या शेतात कापड बांधलेलं कणीस ते एकच.

मी ते चार दाणे चाखायच्या आधीच, त्या रविवारी अण्णांनी हुरडा मागितला. शेक संपले होते, डॉक्टरांनी पुढचं काही स्पष्ट बोलायचं टाळलं होतं, आणि दादाला तेवढं टाळणं समजायला पुरेसं होतं. त्यानं त्यांना मफलर गुंडाळून रिक्षात घातलं आणि थेट माझ्या शेतावर नेलं. मी कामानिमित्त शहरातच होते. दादानं फोनवर सांगितलं, "ये लवकर. आगटी पेटवतोय."

मला काळजी वाटली नाही. शेतावरचा राखणदार चांगला जाणता होता. हुरड्याला फक्त कडेच्या ओळी तोडायच्या, हे त्याला पाठ होतं. त्यानं दादाला तसं सांगितलंही, आणि गोवऱ्या आणायला खोपटाकडे गेला.

तेवढ्यात अण्णा काठी टेकत ओळींमधून चालायला लागले. सगळीकडे कागदी पिशव्या, आणि मध्ये एका कणसावर त्यांच्या मागाचं हिरव्या काठाचं कापड.

अण्णांच्या गावाकडे एक रीत आहे. हुरड्याच्या दिवसांत कुणी जवळचं येणार असलं, लेक माहेरी येणार असली किंवा आजारी माणसानं मागितलेलं असलं, की रानातलं सगळ्यात भरलेलं कणीस बघायचं आणि त्यावर घरातलं फडकं बांधायचं. पाखरांनी खाऊ नये आणि दुसऱ्या कुणी तोडू नये. फडकं ज्याच्या ओळखीचं, कणीस त्याचं. मी ही रीत लहानपणी चुलत्यांच्या रानात पाहिलेली होती. पण कापड बांधताना ती माझ्या डोक्यात आली नाही. मी पाखरांचा विचार करत होते.

दादा नंतर म्हणाला, अण्णा त्या कापडाजवळ थांबले, काठ बोटांत धरला आणि त्याची वीण चाचपली. मग म्हणाले, "हे माज्यासाटी ठेवलंय बग तिनं." दादानं कणीस मोडून त्यांच्या हातात दिलं.

मी पोचले तेव्हा आगटीचा धूर खाली बसला होता. अण्णा गोणपाटावर बसले होते आणि ते कापड त्यांनी खांद्यावर टाकलं होतं. मी आधी कापड पाहिलं. मग ओळीकडे पाहिलं. मग अण्णांच्या तळहाताकडे पाहिलं, तर तिथं नुसता भुस्सा.

"कुठलं कणीस तोडलं?" मी विचारलं.

दादाचा चेहरा पडला. त्याला काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण माझा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आमच्या घरात तो आवाज एकाच माणसाचा असायचा आणि तो माणूस त्या वेळी गोणपाटावर बसून हळूहळू चावत होता.

मी दादाला काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढी वर्षं आगटीत घातलीस, म्हणाले. अक्कल आहे का, म्हणाले. भाजलेला दाणा उगवत नाही हे शेंबड्या पोराला कळतं, म्हणाले. दादा खाली मान घालून निखारे सारत राहिला. राखणदार गोवऱ्या घेऊन आला होता तो लांबच थांबला.

अण्णांनी तोंडातला घास कष्टानं गिळला. गिळताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "गोड हाय."

मी दादाला सोडून त्यांच्याकडे वळले.

"लई गोड हाय," ते म्हणाले. "असला हुरडा खाल्ला न्हवता."

आम्ही दोघं भावंडं त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसानं आईच्या हातच्या पुरणपोळीत गूळ कमी काढला, तो हे बोलत होता. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि तो बापाचा घास गोड लागल्याचा कमी आणि माझ्या रोपाचा जास्त होता. ज्या जिभेला महिनोन्महिने साखर लागली नव्हती तिला हा हुरडा गोड लागला. म्हणजे गोडी आली होती. दाव्याची गाठ सुटली होती.

ज्वारीचं झाड कणीस मोडलं म्हणून लगेच मरत नाही. ताट, म्हणजे उभं खोड, हिरवं असलं आणि पाणी मिळालं तर बुडातून नवा फुटवा येतो, त्याला खोडवा म्हणतात. मी ताट छाटलं, बुडाला माती लावली आणि घागरीनं पाणी घालायला लागले. अण्णा आता अंथरुणालाच खिळले होते. मी शेतावरून त्यांच्याकडे जायचे आणि ते बाकी काही न विचारता एवढंच विचारायचे, "फुटलं का?" बोलणं जड झालं होतं, शब्द ओले आणि तुटके यायचे. मी नाही म्हणायचे. मग एक दिवस मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

होळीच्या सुमारास अण्णा गेले. शेवटचे दिवस वाईट होते. त्यांना पाणीही जात नव्हतं आणि दादा कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत होता. तो हिरव्या काठाचा टॉवेल त्यांच्या उशाशी होता, आणि दादानं तो त्यांच्याबरोबरच दिला.

खोडव्यानं उन्हाच्या तडाख्यातही एक कणीस धरलं. किडकं मिडकं, अर्धं पोचट, मूठभर दाणे. मी ते डोळ्यांत तेल घालून जपलं. एकही दाणा चाखला नाही, कारण अण्णांनी चाखलेलं होतं आणि मला तेवढं पुरे होतं. वरिष्ठांकडून मी आणखी एक हंगाम मागून घेतला. रोप हातचं गेलंय पण त्याची गोडी सिद्ध झालीय, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं. कुणी सिद्ध केली, ते सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी बी पेरलं. माशी आली तशी काही रोपं गेली. ते होणारच होतं, सगळ्या लेकरांत बापाची तब्येत उतरत नाही. बाकीची चकचकीत पानांनी वर आली, पोटरीत आली, कणसं बाहेर पडून निसवली. या वेळी मी कापड बांधलं नाही.

दाणा हुरड्याला आला त्या दिवशी मी दादाला बोलावून घेतलं. अण्णांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि पहिली मूठ त्याच्याबरोबर खावी असं माझ्या मनात होतं. राखणदारानं आगटी केली. प्रत्येक झाडाचं एकेक कणीस मी स्वतः भाजलं, स्वतः चोळलं, फुंकर मारली आणि तोंडात टाकलं.

फिक्कं होतं. दुसरं घेतलं, तेही तसंच. सगळी चाखून झाली आणि सगळ्यांची चव एकच, त्या आडदांड गावरान वाणाची.

काय झालं होतं ते मला तिथं बसल्या बसल्याच समजलं, कारण शिकले होते तेच. तूट पडली होती, पण मला हवी होती तिथं नाही. ती पडली होती खूण आणि जनुक यांच्या मधल्या त्या एवढ्याशा जागेत. खूण गोड वाणाची आली, तिचं जनुक मागेच राहिलं, आणि फिक्केपणा आपल्या जुन्या सोबत्याला धरून जिथल्या तिथं. जवळपास होत नाही म्हणतात, ते माझ्याकडे झालं होतं. गोडी ज्यांच्यात उतरली असेल ती रोपं कोवळेपणीच माशीनं नेली असणार.

म्हणजे अण्णांनी खाल्लं ते कणीसही फिक्कंच होतं.

"दादा," मी विचारलं, "त्या दिवशी अण्णांना चव लागत होती का?"

दादा निखारे सारत होता. त्यानं वर बघितलं नाही. "न्हाय," तो म्हणाला. "निगायच्या आदी गुळाचा खडा दिलता त्यांला. थुकला की. माती हाय म्हणले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू लई खूश झालतीस."

जन्मभर ज्यानं खऱ्या चवीला चांगलं म्हटलं नाही, त्यानं चव गेल्यावर, गिळताना मान ताठ होत असताना, बेचव घास चावत एकदाच गोड म्हटलं होतं. दादाला माझ्या तोंडातून सोडवायला म्हटलं, की ते कापड मी त्यांच्यासाठीच बांधलं असं त्यांना अखेरपर्यंत वाटत होतं म्हणून म्हटलं, हे आता कुणाला विचारणार? आणि मी त्या एका शब्दावर वर्षभर पाणी घातलं.

रडू आलं ते मी धुरावर ढकललं. राखणदार पलीकडून बघत होता. ही कणसं फसली तर पुढच्या हंगामात हे शेत दुसऱ्या पिकाला जाणार हे त्याला ठाऊक होतं, पण या कणसांचं काय झालं ते अजून कळलं नव्हतं.

दादानं एक कणीस उचललं, चोळलं आणि तळहातावरचे दाणे तोंडात टाकायच्या आधी मला विचारलं, "कसं हाय गं?"

मी तोंडातला घास गिळला.

"गोड हाय," मी म्हणाले.

दादानं ते दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिला. मग माझ्याकडे न बघता "व्हय" म्हणाला आणि दुसरं कणीस निखाऱ्यात सरकवलं.